तिसाव्या वर्षी निवृत्ती: कॅल्विन जॉन्सन आणि डेट्रॉइट लायन्स

8 मार्च 2016 रोजी डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल क्लबने एक छोटं निवेदन प्रसिद्ध केलं. त्यांचा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, कॅल्विन जॉन्सन निवृत्त होत होता. पत्रकार परिषद झाली नाही, निरोपाचा सामनाही नाही. जॉन्सन तेव्हा 30 वर्षांचा होता. नुकत्याच संपलेल्या हंगामात तो सगळे 16 सामने खेळला होता आणि 88 झेल, 1,214 यार्ड, 9 टचडाउन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण) अशी त्याची कामगिरी होती. करार 2019 पर्यंतचा होता. एवढ्या कमाईवर पाणी सोडून जाणारा खेळाडू क्वचितच सापडतो. त्यातून क्लबने त्याला आधी दिलेल्या रकमेतला काही भाग परत मागितला आणि या निवृत्तीचं रूपांतर कित्येक वर्षं चाललेल्या वादात झालं.

हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते यासाठी, की रिसीव्हर या जागेवर खेळणाऱ्या माणसाच्या हातात काय असतं आणि काय नसतं, हे जॉन्सनच्या नऊ वर्षांत जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसऱ्या कुणाच्या कारकिर्दीत दिसत नाही.

जागेचं स्वरूप

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक चेंडू फेकतो. रिसीव्हरने आधी ठरलेल्या वाटेने पळत जाऊन तो झेलायचा आणि जमेल तितकं पुढे न्यायचा. पुढे नेलेलं अंतर यार्डात मोजतात. हे ऐकायला सोपं वाटतं, पण झेल घेताना रिसीव्हरची नजर चेंडूवर असते, हात वर असतात, बरगड्या उघड्या पडलेल्या असतात आणि नेमक्या त्याच क्षणी बचावपटू पूर्ण वेगाने अंगावर येतो. क्रिकेटमध्ये उंच उडालेल्या झेलाखाली दोन क्षेत्ररक्षक एकमेकांवर आदळतात तेव्हा सगळं मैदान चरकतं. रिसीव्हरवर तो प्रसंग प्रत्येक सामन्यात अनेकदा येतो, आणि इथे समोरचा माणूस आदळायच्याच तयारीने आलेला असतो.

दुसरी गोष्ट शरीराच्या धोक्याइतकीच मोलाची आहे. रिसीव्हर स्वतःहून चेंडू मिळवू शकत नाही. आपल्याच संघाच्या पुढच्या फळीने क्वार्टरबॅकला सावरलं पाहिजे, क्वार्टरबॅकने त्याला पाहिलं पाहिजे आणि फेक नीट आली पाहिजे. यातली एक कडी निसटली तरी जगातला सर्वोत्तम रिसीव्हर मोकळा धावत राहतो आणि चेंडू दुसरीकडेच पडतो.

जॉन्सन जॉर्जिया राज्यातला. 2006 मध्ये जॉर्जिया टेककडून खेळताना देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन रिसीव्हरला मिळणारा बिलेटनिकॉफ पुरस्कार त्याला मिळाला. उंची सहा फूट पाच इंच, वजन सुमारे 107 किलो. 2007 च्या फेब्रुवारीत इंडियानापोलिसला व्यावसायिक क्लबांसमोर चाचण्या होतात, तिथे त्याने दुसऱ्या खेळाडूचे बूट उसने घालून 40 यार्ड 4.35 सेकंदांत कापले. एवढ्या धिप्पाड माणसाने इतक्या वेगाने पळावं हे निवड करणाऱ्यांना नवीन होतं. पुढे संघातल्या रॉय विल्यम्सने त्याला ‘मेगाट्रॉन’ हे नाव दिलं आणि ते कायमचं चिकटलं.

क्लब दरवर्षी आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात; 2007 च्या त्या निवडीत ओकलंड रेडर्सने पहिल्या क्रमांकावर क्वार्टरबॅक जमार्कस रसेल घेतला आणि लायन्सने दुसऱ्या क्रमांकावर जॉन्सनला. डेट्रॉइटमध्ये यावर बरीच कुरकुर झाली, आणि तिला आधार होता. 2003, 2004 आणि 2005 अशी सलग तीन वर्षं या क्लबने पहिल्या फेरीत रिसीव्हरच निवडले होते आणि संघ हरतच राहिला होता. या वेळी निवड अचूक ठरली, पण संघाचं दुखणं तेच राहिलं.

0–16 आणि 1,964

जॉन्सनचा दुसरा हंगाम 2008 चा. त्या वर्षी लायन्सने सोळाच्या सोळा सामने गमावले. नॅशनल फुटबॉल लीग या व्यावसायिक लीगमध्ये 16 सामन्यांच्या हंगामात असं आधी कुणाचं झालं नव्हतं. त्याच संघात जॉन्सनने 1,331 यार्ड आणि 12 टचडाउन केले. क्वार्टरबॅक हंगामभर बदलत होते. बारा टचडाउन करूनही एकही विजय पदरात नाही, यातून त्याच्या कारकिर्दीचा पुढचा सूर तेव्हाच कळला होता असं आज मागे वळून पाहताना वाटतं.

2009 मध्ये लायन्सने क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डला पहिल्या क्रमांकावर निवडलं. त्याचा खांदा सावरायला दोन वर्षं गेली, पण 2011 मध्ये दोघं पूर्ण हंगाम एकत्र खेळले तेव्हा जॉन्सनने 1,681 यार्ड आणि 16 टचडाउन केले. लायन्स 1999 नंतर प्रथमच बाद फेरीत पोचले. न्यू ऑर्लिन्सला झालेल्या त्या सामन्यात त्याने 12 झेल, 211 यार्ड आणि दोन टचडाउन दिले. लायन्स 45–28 असे हरले.

मग आला 2012 चा हंगाम. याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं.

त्या वर्षी लायन्स 4–12 वर, म्हणजे चार विजय आणि बारा पराभवांवर, संपले. बहुतेक सामन्यांत ते मागे पडलेले असत, त्यामुळे चेंडू फेकत राहण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. स्टॅफर्डने हंगामात 727 वेळा चेंडू फेकला, तोवरचा तो विक्रम होता. त्यातल्या 200 पेक्षा जास्त फेकी जॉन्सनच्या दिशेने होत्या. प्रतिस्पर्ध्यांनाही हे ठाऊक होतं. एक बचावपटू अगदी समोर, दुसरा मागे टपून, आणि गोलरेषेजवळ तर कधी कधी दोघं त्याच्या छातीला छाती लावून उभे, अशी व्यवस्था ते करत. तरीही त्याने सलग आठ सामन्यांत शंभरच्या वर यार्ड काढले.

22 डिसेंबर 2012 च्या रात्री डेट्रॉइटच्या फोर्ड फील्डवर अटलांटा फाल्कन्सविरुद्ध त्याने 225 यार्ड केले. जेरी राइसचा एका हंगामातला 1,848 यार्डांचा विक्रम 1995 पासून टिकून होता, तो चौथ्या सत्रात मोडला. विक्रमाचा झेल घेतल्यावर जॉन्सन मैदानाच्या कडेला धावत गेला आणि चेंडू वडिलांच्या हातात दिला. सामना लायन्स 31–18 असा हरले. आठवड्याभराने हंगाम संपला तेव्हा आकडा होता 1,964 यार्ड आणि 122 झेल. टचडाउन मात्र फक्त पाच. कितीतरी वेळा तो गोलरेषेच्या एक-दोन यार्ड अलीकडे पाडला गेला. गुणफलकावर नाव दुसऱ्याचं लागलं आणि मार त्याने खाल्ला.

या विक्रमाबद्दल एक आक्षेप नेहमी घेतला जातो: हरणाऱ्या संघात फेकी जास्त मिळतात, म्हणून यार्ड फुगतात. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. हरणारे संघ दरवर्षी असतात, आणि 1,964 पर्यंत त्यांच्यातला कुणी पोचला नव्हता. शिवाय संघ हरत असताना बचाव करणाऱ्यांना पुढची चाल कळलेली असते, म्हणजे झेल घेणं उलट अवघड होतं.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. 2021 च्या जानेवारीत स्टॅफर्ड लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला. त्याच वर्षी रॅम्सच्या कूपर कपने 1,947 यार्ड केले. हंगाम आता 17 सामन्यांचा झाला होता, तरी तो जॉन्सनच्या 17 यार्ड मागे राहिला. पण कप आणि स्टॅफर्ड 2022 च्या फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकले. चेंडू फेकणारा हात दोन्हीकडे एकच होता, यार्डांची मोजदाद जवळपास सारखी होती. फरक होता तो भोवतालच्या संघाचा. जॉन्सनच्या वाट्याला नऊ वर्षांत बाद फेरीतले दोनच सामने आले आणि दोन्ही हरले. दुसरा 2014 च्या हंगामातला, डॅलसमध्ये, 24–20. त्यात पंचांनी आधी दिलेला आणि मग मागे घेतलेला दंड डेट्रॉइटचे लोक अजून विसरलेले नाहीत. डॅलसविरुद्धच, 27 ऑक्टोबर 2013 रोजी, जॉन्सनने एका सामन्यात 329 यार्ड केले होते. जादा वेळ न लागलेल्या सामन्यात तोवर एवढे यार्ड कुणी काढले नव्हते. लायन्स तो सामना एका गुणाने, शेवटच्या काही सेकंदांत जिंकले.

2010 च्या शिकागोतल्या सामन्याचाही उल्लेख करायला हवा. शेवटच्या अर्ध्या मिनिटात जॉन्सनने गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात (एंड झोन) उडी मारून चेंडू पकडला, दोन्ही पाय टेकवले, खाली पडला आणि उठताना एका हातातला चेंडू जमिनीवर टेकवून सोडला. जमिनीवर पडत असताना चेंडूवरचा ताबा अखेरपर्यंत टिकला पाहिजे, असा नियम दाखवून पंचांनी झेल अवैध ठरवला. लायन्स 19–14 ने हरले. लोक त्याला ‘कॅल्विन जॉन्सन नियम’ म्हणू लागले. आठ वर्षांनी, 2018 मध्ये, लीगने नियमातली जमिनीवर पडण्याची ती अट काढून टाकली. ज्या झेलामुळे नियमावर बोट ठेवलं गेलं तो झेल मात्र नोंदीत नाही.

शरीराचा हिशेब

बाहेरून पाहणाऱ्याला 2015 मधला जॉन्सन धडधाकट वाटत होता. प्रत्यक्षात 2014 च्या जानेवारीत त्याच्या गुडघ्यावर आणि बोटावर शस्त्रक्रिया झाली होती. त्याच वर्षी घोट्याच्या दुखापतीने त्याला तीन सामने मुकावे लागले. बोटं निखळून वाकडी झाली होती. आठवडाभर सराव टाळायचा, रविवारी खेळायचं आणि पुढचे दिवस पायऱ्या उतरतानाही कष्ट, हा दिनक्रम झाला होता.

निवृत्तीनंतर काही महिन्यांनी दिलेल्या एका दूरचित्रवाणी मुलाखतीत तो बोलता झाला. वेदनाशामक गोळ्या त्याच्या काळात किती सहज मिळत, डोक्याला मार बसूनही खेळाडू प्रशिक्षकांना कसे सांगत नाहीत, हे त्याने उघड सांगितलं. पुढे त्याने हेही सांगितलं की गोळ्यांऐवजी तो सामन्यानंतर गांजाचा आधार घेत असे. तेव्हा लीगमध्ये त्यावर निलंबन होत होतं. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या 2020 च्या कामगार करारात ते थांबलं. निवृत्तीनंतर त्याने संघातला जुना सोबती रॉब सिम्स याच्यासह मिशिगनमध्ये परवानाधारक गांजाचा व्यवसाय सुरू केला आणि वेदनेवरच्या उपयोगाचा अभ्यास व्हावा म्हणून प्रयत्न केले. काहींना हे खटकलं. मला त्यात सुसंगती दिसते: ज्या दुखण्याबद्दल कुणी बोलत नव्हतं, त्यावर त्याने काम सुरू केलं.

मेंदूच्या इजेची पार्श्वभूमीही ध्यानात घ्यावी लागते. 2017 मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मरणोत्तर दान मिळालेल्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लीगमध्ये खेळलेल्या 111 जणांपैकी 110 जणांत वारंवारच्या आघातांमुळे होणारा मेंदूचा विकार सापडला. हे मेंदू बहुधा लक्षणं दिसलेल्या खेळाडूंच्या कुटुंबांनी दिलेले होते, त्यामुळे सगळ्याच खेळाडूंना हे प्रमाण लावता येत नाही. पण जॉन्सन निर्णय घेत होता त्या काळात प्रत्येक खेळाडूच्या घरात ही चर्चा होत होती.

अशा वेळी 11 कोटी डॉलरहून अधिक कमाई झालेला माणूस, चालता-बोलता असताना थांबायचं ठरवतो. मुख्य प्रशिक्षक जिम कॉल्डवेल यांनी त्याला घाई न करण्याचा सल्ला दिला. तो दोन महिने थांबला आणि निर्णय बदलला नाही.

पैशाचा वाद

2012 मध्ये जॉन्सनने आठ वर्षांचा, 13 कोटी 20 लाख डॉलरचा करार केला होता. अशा करारात सही करतानाच एक मोठी रक्कम हातात दिली जाते आणि क्लबच्या वेतनमर्यादेत, म्हणजे खेळाडूंवर वर्षाला करता येणाऱ्या खर्चाच्या मर्यादेत, ती पुढच्या वर्षांवर विभागून धरली जाते. खेळाडू मध्येच निवृत्त झाला तर उरलेल्या वर्षांच्या वाट्याची रक्कम परत मागण्याचा हक्क क्लबला लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या कामगार करारानेच दिलेला आहे. हक्क आहे, सक्ती नाही. वापरायचा की नाही हे क्लबने ठरवायचं.

लायन्सने तो वापरला. जॉन्सनने परत केलेली रक्कम सुमारे 16 लाख डॉलर असल्याचं नंतर बातम्यांत आलं.

क्लबची बाजू उडवून लावण्यासारखी नाही. करार हा करार असतो, आणि आज एकाला सूट दिली तर उद्या दुसरा मागेल. पण हिशेब पुरता मांडला तर चित्र पालटतं. 2016 मध्ये जॉन्सनचा भार वेतनमर्यादेवर सुमारे 2 कोटी 40 लाख डॉलर पडणार होता. त्याच्या जाण्याने क्लबचे त्या वर्षी सुमारे 1 कोटी 10 लाख डॉलर मोकळे झाले. संघ त्याच्याविना 9–7 खेळला आणि बाद फेरीतही पोचला. म्हणजे त्याच्या जाण्याने क्लब उघडा पडला असं झालं नाही.

याहून मोठा मुद्दा करारातल्या असमतोलाचा आहे. या लीगमध्ये हमी दिलेल्या रकमेपलीकडचं वेतन क्लब कधीही थांबवू शकतो. गुडघा गेला, वय झालं, स्वस्तातला तरुण मिळाला की खेळाडूला सोडून देतात. सहीच्या वेळी मिळणारी रक्कम ही त्या अनिश्चिततेची भरपाई असते. जॉन्सनने त्या रकमेच्या बदल्यात चार हंगाम दिले आणि त्यातला एक लीगच्या इतिहासातला सर्वोत्तम होता. क्लबने माणूस सोडला तर तो व्यवहार, माणसाने क्लब सोडला तर वसुली, हा न्याय मला पटत नाही.

शिवाय डेट्रॉइटने हे आधी एकदा केलं होतं. 1999 च्या जुलैत लायन्सचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, बॅरी सँडर्स, धावून काढलेल्या एकूण यार्डांच्या वॉल्टर पेटनच्या विक्रमापासून 1,457 यार्डांवर असताना, आपल्या गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून निवृत्त झाला. क्लबने त्याच्याकडून 55 लाख डॉलर मागितले आणि प्रकरण लवादाकडे गेलं. संबंध सुधारायला वर्षं लागली. तोच क्लब, तसाच अबोल थोर खेळाडू, तसाच निकालांना कंटाळलेला माणूस. सतरा वर्षांनी पुन्हा तीच चूक होणं हे प्रशासनाचं अपयश आहे.

उलट उदाहरणही फार दूर नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक, हंगाम तोंडावर असताना, 29 व्या वर्षी निवृत्त झाला. क्लबला त्याच्याकडून सुमारे 2 कोटी 48 लाख डॉलर परत मागता आले असते. त्यांनी मागितले नाहीत. कोल्ट्सचं नुकसान लायन्सपेक्षा कितीतरी मोठं होतं.

आणखी एक गाठ होती. निवृत्त झाला तरी करार संपत नाही. खेळाडूवरचा हक्क क्लबकडेच राहतो. 2017 मध्ये इटलीत एका शिबिरात जॉन्सनने सांगितलं की क्लबने त्याला मोकळं करायला नकार दिला होता, त्यामुळे परत खेळायचं तर डेट्रॉइटकडेच यावं लागलं असतं. जो संघ कुठे पोचेल असं त्याला वाटत नव्हतं त्याच्यासाठी पुन्हा शरीर झिजवायची त्याची तयारी नव्हती. हे वाचताना त्याच्या निवृत्तीकडे केवळ दुखापतींच्या चष्म्यातून पाहता येत नाही. चांगल्या संघात दोन वर्षं मिळाली असती तर तो कदाचित खेळला असता. तो पर्याय त्याच्याकडे नव्हताच.

नंतर

2021 मध्ये जॉन्सन, पात्र ठरल्याच्या पहिल्याच वर्षी, हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, निवडला गेला, पेटन मॅनिंग आणि चार्ल्स वुडसन यांच्याबरोबर. वय 35. एकूण 135 सामने, 731 झेल, 11,619 यार्ड, 83 टचडाउन. सामन्यामागे 86 यार्ड. क्रिस कार्टरला या मानासाठी सहाव्या वर्षापर्यंत थांबावं लागलं होतं. टेरेल ओवेन्सच्या नावावर 15,934 यार्ड होते, तरी त्याची निवड तिसऱ्या प्रयत्नात झाली. कारकीर्द छोटी, विजय नाहीत, तरीही मतदारांनी जॉन्सनबाबत वेळ लावला नाही. रिसीव्हरला संघाच्या निकालांवरून तोलू नये, हे निदान त्या खोलीत मान्य झालं.

त्याच सप्टेंबरमध्ये फोर्ड फील्डवर मध्यंतरात त्याला हॉल ऑफ फेमची अंगठी देण्यात आली. मालकीण शीला फोर्ड हॅम्प बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पैशांचा प्रश्न तेव्हा सुटलेला नव्हता. जॉन्सनची भूमिका आधीपासून साधी होती: घेतलेले पैसे परत द्या, मग बाकीचं बोलू. क्लबने रक्कम देऊ केली, पण काही तासांच्या कार्यक्रमांना हजर राहण्याची अट घालून. त्याला ती मान्य नव्हती. ज्या गोष्टीची दुरुस्ती करायची तिलाच नोकरीचं रूप देणं त्याला रुचलं नसावं, आणि यात मी त्याच्या बाजूने आहे.

2023 मध्ये दोन्ही बाजूंचं जमलं. तोवर क्लबमध्ये प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल आले होते, जे स्वतः 2008 च्या लायन्स संघात जॉन्सनबरोबर होते. जॉन्सन सराव शिबिरात दिसू लागला. 30 सप्टेंबर 2024 रोजी क्लबने त्याचं नाव स्टेडियममधल्या आपल्या मानाच्या यादीत समाविष्ट केलं. परत मागण्याचा तो हक्क 2020 च्या कामगार करारातही कायम आहे. खेळाडू संघटनेने पुढच्या वाटाघाटींत निदान एवढं तरी मागावं: करारातले अर्धे हंगाम पूर्ण केलेल्या आणि वैद्यकीय नोंदींत सततच्या दुखापती दिसणाऱ्या खेळाडूकडून वसुली करता येणार नाही. असं कलम असतं तर 2016 मध्ये लायन्ससमोर प्रश्नच आला नसता, आणि सात वर्षं त्यांचा सर्वोत्तम रिसीव्हर त्यांच्यापासून दूर राहिला नसता.